मेडिकलच्या आधीचा आठवडा

बाबा, काल आईचा रिपोर्ट आला. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि सगळा कळला. तुमच्या वेळी असं नव्हतं. तुमच्या वेळी आई आणि मी कागद हातात घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या राहायचो आणि समोरून जो कोणी पांढरा कोट घालून येईल त्याच्या तोंडाकडे पाहायचो. तो हसला तर बरं आहे, नाही हसला तर घरी जाऊन देवापुढे दिवा. आता कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. तुम्ही गेल्यावर मी हे सगळं चिडून शिकले. क्रिएटिनिन कशानं चढतं, युरिया वाढला की माणसाला अन्नाचा वास का नको होतो, हिमोग्लोबिन कमी होण्याचा किडनीशी काय संबंध, सगळं पाठ आहे. शाळेत मी कॉमर्स शिकवते, पण स्टाफरूममध्ये कोणाच्याही घरचा रिपोर्ट आला की डॉक्टरच्या आधी माझ्यापुढे येतो. "मैडम, ज़रा देखिए ना, ये लाल वाला क्या है?" मी चष्मा लावते आणि समजावून सांगते, आणि समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. काल मात्र समोर मीच होते आणि समजावून सांगणारीही मीच. जीव कुठे पडायचा राहिला तो राहिलाच.

तुम्ही म्हणाल, मेल्यावर तरी मले रिपोर्ट नको दाखवू. पण दुसऱ्या कोणाला दाखवू? या रस्त्यानं आपल्या घरातलं एकच माणूस जाऊन आलंय. जाऊन आलंय म्हणजे गेलंय. दुर्गला, बोरसीच्या आमच्या घरात आता दुपार आहे, कूलर घरघरतोय, आई त्याच्या वाऱ्यात पाय लांब करून झोपली आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. तुमचा पत्ता माहीत नाही, त्यामुळे पोस्टात टाकायचा प्रश्न नाही. तिकडेही सेक्टर पाडलेले असतील तर तुम्ही कोपऱ्यावरचा क्वार्टर मिळवला असेल याची मला खात्री आहे.

मला सारखा भिलाईतला आपला मरोदा सेक्टरचा क्वार्टर आठवतो आणि तुमच्या मेडिकलच्या आधीचा आठवडा. वर्षातून एकदा स्टील प्लांटमध्ये तुम्हा सगळ्यांची तपासणी व्हायची. रक्त, लघवी, बीपी, डोळे. ती तपासणी आहे असं आपल्या गल्लीत कोणी समजतच नव्हतं. ती परीक्षा होती, आणि परीक्षेचा अभ्यास करायचा असतो. कोणाचं मेडिकल जवळ आलंय ते आम्हा पोरांना वासावरून कळायचं. ज्या घरातून सकाळी सकाळी कारल्याचा उग्र वास येईल, त्या घरातल्या काकांचा नंबर. आपल्या घरी आई त्या आठवड्याची फोरमन. भात बंद, साखरेचा डबा वरच्या फळीवर, रात्री भिजवलेले मेथीदाणे सकाळी उपाशीपोटी, जांभळाच्या बियांची पूड, आणि तुम्ही नाक दाबून कारल्याचा रस पिता आहात. तुमच्याबरोबरचे एक काका बीपीसाठी लसूण चावत आणि तपासणीच्या आधी बाकावर डोळे मिटून पडून राहत. त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं, "आठ दिन मुँह बंद, फिर साल भर की छुट्टी." संध्याकाळी तुम्ही सगळे जण ग्राउंडला चकरा मारायला निघायचा. एरवी पानठेल्यापर्यंतही स्कूटरवर जाणारी माणसं त्या आठवड्यात हात हलवत अशी चालायची की जणू ऑलिंपिकला निघालीत.

मग एका संध्याकाळी तुम्ही फाटक उघडून आत येता, स्कूटर लावायच्या आधीच ओरडता, "फिट!" आणि तुमच्या हातात जिलबीचा पुडा असतो. तो पुडा मला आज आठवला की हसू येत नाही. साखर नॉर्मल आली म्हणून आपण जिलबी खात होतो, बाबा. आपणच नाही, सगळी गल्ली. शेजारी वाटून यायचे, आपणही वाटून यायचो. आई तुमच्या ताटलीत दोन जास्त वाढायची, "खा आता, हप्ताभर तोंड बांधून व्हते," आणि तुम्ही पाक बोटांना लावून चाटायचा. त्या दिवशी तुमच्यापेक्षा आनंदी माणूस अख्ख्या भिलाईत नसेल. यात डॉक्टरांचा काय दोष? समोर जे रक्त येईल ते त्यांनी तपासलं. रक्त आपण धुऊन पुसून पाठवलं होतं.

एकदाच मी मध्ये बोलले. नववीत होते, पुस्तकात नुकताच मधुमेहाचा धडा झाला होता. तहान फार लागणं, रात्री सारखं उठणं, जखम लवकर न भरणं. मी जेवताना म्हटलं, "बाबा, हे सगळं तुमाले होऊन राहिलं." तुमचा घास हातातच राहिला. तुम्ही कधी ओरडायचे नाही, त्या दिवशी ओरडलात. "पुस्तक नको शिकवू मले! दरसाल पास होऊन राहिलो ना मी? अनफिट लिहिलं तर खाली उतरवतीन, स्टोअरमध्ये बोल्ट मोजत बसवतीन. मंग तू येशीन का क्रेन चालवाले?" आई मला डोळ्यांनी गप्प करत होती. मी गप्प झाले. चौदा वर्षांच्या पोरीनं आणखी काय करायला हवं होतं ते मला आजही सुचत नाही, आणि त्यासाठी मी स्वतःला बोल लावत नाही. पण तुम्ही इतके का चिडलात हे मात्र मला पुढे कळलं, आणि कळल्यावर तुमच्यावर रागावणं अवघड होऊन बसलं.

घरच्यांना प्लांट दाखवायचा एक दिवस होता. डोक्यावर मोठाल्या टोप्या घालून आम्ही बायकापोरं लोखंडी गॅलरीत उभे होतो. खाली आग, धूर, गडगडाट, माझी तर बोबडी वळली होती. आणि मग वर, छताजवळ, तुमच्या क्रेनची केबिन सरकत आली. केवढीशी दिसत होती. तिच्या खाली आकड्यांना लटकलेली लेडल, म्हणजे घराएवढी बादली, वितळलेल्या पोलादानं काठोकाठ भरलेली. खाली माणसं उभी होती आणि त्यांचा जीव तुमच्या मनगटात होता. तुम्ही ती इतकी हळू, इतकी सरळ नेली की जणू आई दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवते आहे. थेंब सांडला नाही. गॅलरीतल्या माणसानं सांगितलं, "ये पूरे शॉप का सबसे साफ़ हाथ है." तुम्ही आमच्याकडे पाहिलं नाही, हात हलवला नाही. घरी आल्यावर मी रुसले तर म्हणालात, "वरून खाली पाहाचं असते बेटा, बाजूले नाही." त्या केबिनमधून उतरायचं म्हणजे तुमच्यासाठी काय होतं ते मी पाहिलंय, बाबा. म्हणून तुम्हाला लबाड म्हणवत नाही. पण माझ्या मनातल्या मनात मी तुमच्याशी भांडते, ते अजून संपलेलं नाही.

कारण तुम्ही ज्या परीक्षेत पास होत होता ती त्या एका सकाळची होती. उपाशीपोटीची साखर त्या दिवसापुरतं बोलते. दुसरी एक तपासणी असते, तिला लोक तीन महिन्यांची साखर म्हणतात. रक्तातली लाल पेशी साधारण तेवढं जगते, आणि त्या काळात रक्तात जेवढी साखर फिरली त्या मानानं ती तिला चिकटून बसते. तिला आठवडाभराचं कारलं दिसत नाही. ती तपासणी तुमची झाली तेव्हा फार उशीर झाला होता. आणि किडनीचं तर आणखी वाईट. क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंच्या रोजच्या झिजेचा कचरा, किडनी तो गाळून बाहेर टाकते. गाळणी बिघडली की तो रक्तात साठतो. पण मेख अशी की गाळणी निम्मी कामातून जाईपर्यंत हा आकडा हूं की चूं करत नाही. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून प्रथिनं जायला लागतात, फेस येतो. आपल्या संडासात तो फेस यायचा. आई म्हणायची, नवीन पावडर फार फेसाळते, आणि दुकान बदलायची. तिला कोण सांगणार होतं? आता मी वर्गात पोरांनाही सांगते, घरी कोणाला साखर असेल तर लघवी तपासून घ्या. पोरं तोंड दाबून हसतात. हसू देत.

तुम्ही मात्र शेवटी स्वतःहून उतरलात, हे मी कोणापुढेही ताठ मानेनं सांगते. लेडल वर असताना तुमच्या डोळ्यांपुढे काळा धागा तरंगायला लागला. तुम्ही ती हळूच जागेवर ठेवली, केबिन बंद केली, शिडीनं खाली आलात आणि शिफ्टच्या साहेबांना म्हणालात, "सर, मुझे ठीक से दिखाई नहीं दे रहा, मुझे ऊपर मत भेजिए." डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो साखरेचा. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटत होत्या. जे डोळ्यांत तेच किडनीत, बारीक वाहिन्यांचं सगळं काम. तुम्ही घरी येऊन आईला एवढंच सांगितलंत, "खाली मानसं व्हते ना." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. पुढच्या वर्षी मेडिकल आलं आणि आपल्या घरातून कारल्याचा वास आला नाही.

मग ते सगळं पथ्य, गोळ्या, इन्सुलिन, आणि तरीही काही वर्षांत डायलिसिस. मशीनवर मात्र तुम्ही रमलात. फिल्टर, पंप, प्रेशर, अलार्म, हे सगळे तुमचेच शब्द. टेक्निशियनशी तुम्ही फिटरशी बोलावं तसं बोलायचे. मला शिकवायचे, "पाह्य, आपला फिल्टर आतमधी असते, तो जाम झाला, म्हनून हा बाहेर लावला. हा काही इलाज नाही व, ही शिफ्ट ड्युटी आहे." इतकं नेमकं मला नंतर कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. डायलिसिस किडनीला बरं करत नाही, तिचं काम करून देतं, आणि तेही अर्धवट. दिवसाआड चार तास मशीन जे काढतं ते किडनी रात्रंदिवस काढत असते. म्हणून मधल्या दिवसांत पाणी मोजून. बाहेर जायला वाटच नाही, तर प्यालेलं पाणी पायात उतरणार, मग पोटात, मग फुप्फुसात. तुम्ही ओठांवरून बर्फाचा तुकडा फिरवत बसायचे आणि नळाच्या आवाजाकडे कान लावायचे. मी तेव्हा कॉलेजात होते. सकाळी निघताना तुम्ही झोपलेले असायचे, परत येईपर्यंत मशीनवर. पाणी राखायचं काम आईकडे होतं.

आता आईचं ऐका. आईला साखर नाही. तिला बीपी आहे, बरीच वर्षं, आणि तिचे गुडघे. तुम्ही गेल्यावर ती गुडघ्यांसाठी मेडिकल स्टोअरमधून परस्पर गोळ्या आणायची, कारण डॉक्टरकडे गेलं की काहीतरी रोग निघतोच असं तिचं मत. मी ओरडायचे, ती गव्हाच्या डब्यात लपवायची. त्या दुखण्याच्या गोळ्या किडनीला रोज थोडं थोडं कुरतडतात. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या आल्या. आक्रसलेल्या म्हणजे हा कालपरवाचा आजार नाही, जुना आहे, आणि त्या पुन्हा फुगून पूर्वीसारख्या होत नाहीत. रिपोर्टात ही गोष्ट फार सभ्य शब्दांत लिहिलेली असते. जीएफआर, म्हणजे गाळणी किती चालते त्याचा अंदाज, तो आता अशा ठिकाणी आलाय की त्याच्या खाली मशीनच. ओळखीतल्या एकीनं अहिवारा गावाकडे कोणी जडीबुटी देतो म्हणून सांगितलं, तिच्या काकांचा आकडा म्हणे उतरला. मी तिला हात जोडले. मी शिकलेली बाई आहे म्हणून हातच जोडले.

गेल्या आठवड्यातच दुर्गच्या डॉक्टरांनी आईला समोर बसवून नीट सांगितलं होतं. बाईमाणूस, तरुण, आवाज मऊ. "माताजी, अभी से हाथ में फिस्टुला बनवा लीजिए. तैयार होने में समय लगता है. बाद में भागदौड़ नहीं होगी." आई "हाँ हाँ" म्हणत मान डोलवत होती. मी तिथेच तारीख घेतली, या सोमवारची. ऑटोत बसल्यावर आई म्हणाली, "चांगली हाय व पोरगी. पन मले नाही कराचं ते." मला वाटलं, घाबरली आहे, होईल तयार.

काल रिपोर्ट वाचून झाल्यावर मी तिच्याकडे गेले. या घरात कोणताही आकडा लपवायचा नाही असं मी केव्हाच ठरवलंय, त्यामुळे जसा होता तसा तिला वाचून दाखवला. ती ओट्याशी बटाट्याच्या फोडी पाण्यात घालत होती. पोटॅशियम कमी करायला भाजी चिरून पाण्यात ठेवायची आणि ते पाणी फेकायचं असतं. "भाजीतला जीवच काढून घेतला तुह्या डॉक्टरनं," ती म्हणाली. आकडा तिनं ऐकला आणि न ऐकल्यासारखा केला.

मी म्हटलं, "आई, सोमवारी जाचं हाय. फिस्टुला बनवला म्हनजे लगेच मशीनवर नाही बसवत. हाताची एक नस दुसरीले जोडून देतेत, तिले फुगाले दीड-दोन महिने लागते. ऐन टायमाले गळ्यात नळी टाकाव लागते, त्याच्यापेक्षा हे बरं."

"मले सांगते का? तुह्या बाबाचा हात मी नाही पाह्यला का? कान लावला का घुर्र घुर्र वाजे."

"मंग काहून नाही म्हनून राहिली?"

"असंच."

"असंच म्हनजे काय? सुई दुखते म्हनून?"

"मी बाळंतीण झाली तवा तुह्या बाबाले बी माहा आवाज आयकू आला नवता. सुईले कोन भेते?" एवढं बोलून तिनं ते पाणी मोरीत ओतलं आणि पाट ओढून बसली. गुडघ्यांमुळे तिला बसायला वेळ लागतो. मीही खाली बसले. मग तिनं मला तुमची ती सकाळ सांगितली, जी मला माहीत नव्हती.

"त्या दिवशी सकायीच पानी मांगतलं त्याइनं. पाय सुजून गेल्ते. डॉक्टरनं बजावलं व्हतं. मी म्हनलं, आता नाही, मशीनवरून आले का देते. पुन्हा मांगतलं. घोटभर दे व, म्हने. मी मटका उचलला अन् मांगच्या खोलीत नेऊन ठेवला. ऑटोत बसतानी बी माह्याकडं पाहून राहिले व्हते. बोलले नाही. फक्त पाहून राहिले व्हते." ती पदरानं हात पुसत बसली, हात कोरडे झाले तरी. "अन् तिथूनच गेले."

मी म्हणाले, "आई, तुनं बरोबर केलं. पानी देल्लं असतं तर ते छातीत गेलं असतं, दम लागला असता." हे खरं आहे, बाबा, आणि मला ते दुसऱ्या कोणापेक्षाही नीट समजावून सांगता येतं.

"हो ना. बरोबरच केलं मी. बरोबर करून बी इतके वर्सं मले पानी पेताना ते डोळे दिसते. आता तू माह्या हातातून गिलास घेशीन, तू बी बरोबरच करशीन. अन् मी गेल्यावर जलमभर तुले दिसत राहीन. मले तुह्यावर ते नाही टाकाचं, पोरी. मले आपलं असंच जाऊ दे."

मी शिकलेले सगळे शब्द माझ्याजवळ होते. मला तिला सांगता आलं असतं की आता औषधं सुधारली आहेत, मशीनं सुधारली आहेत, पहिल्यापासून नीट केलं तर माणसं वर्षानुवर्षं हिंडतात फिरतात. ते मी सांगितलंही. पण एक गोष्ट मी तोंडातून काढली नाही. मशीन नाही घेतलं तरी पुढे लघवी कमी होत जाणार, पाणी साठणार, आणि पाणी तेव्हाही मोजूनच द्यावं लागणार. म्हणजे गिलास मला दोन्हीकडून घ्यावाच लागणार आहे. तिनं एवढा विचार करून माझ्यासाठी जी वाट काढली आहे, ती वाट नाहीच. हे तिला सांगायचं कसं? मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं, तुम्ही गेलात तेव्हाही नाही. तेव्हा निदान अडाणीपणाचा आसरा होता.

आज शनिवार, सकाळची शाळा; तिथूनच मी डॉक्टरांना फोन लावून विचारलं, आई नाही म्हणाली तर? त्या म्हणाल्या, "ज़बरदस्ती नहीं करेंगे. इस उमर में मना करना भी उनका हक़ है. फिर दवाइयों से जितना आराम दे सकते हैं, देंगे. बस आप लोग तय करके बता दीजिए." ही वाटही रीतसर आहे, मला माहीत आहे. साठलेलं पाणी काढायला गोळ्या, खाजेला गोळ्या, दम लागला तर त्याचंही औषध, आणि घरचं अंथरूण. मी नवऱ्याला विचारलं. तो भला माणूस आहे, म्हणाला, "माँ जी की मर्ज़ी है, उनको तंग मत करो." मुलीला पुण्याला फोन केला. ती रडायलाच लागली, "मम्मी, आजी को मनाओ ना, प्लीज़, मैं आ रही हूँ ना दिवाली में." दिवाळीपर्यंत काय काय होऊ शकतं ते तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

तुमच्यापुढे खोटं बोलायचं कारण नाही म्हणून सांगते. आईनं मशीनवर जावं असं मला वाटतं ते तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. या घरात नवरा हिंदीत बोलतो, मुलगी हिंदीत, कामाला येणारी छत्तीसगढीत, शाळेत तर विचारूच नका. "काहून व" म्हणून मला हटकणारं एकच माणूस उरलंय. ती गेली की मी ही भाषा कोणाशी बोलू? भिंतीशी? तिनं चार तास सुया टोचून घ्याव्यात, मीठ सोडावं, आंबा सोडावा, बर्फ चघळावा, कशासाठी, तर मला संध्याकाळी शाळेतून आल्यावर दारातून "आली का?" ऐकू यावं म्हणून. इतकी आप्पलपोटी आहे मी. तुमची क्रेन तरी खालच्या माणसांसाठी थांबली होती.

मघाशी जेवताना तिनं विचारलं, "सोमवारचं क्यान्सल केलं ना?" इतक्या सहज, जसं गॅसवाल्याचं विचारावं. मी तिच्या ताटात पोळी वाढत होते. म्हटलं, "हो, केलं." तिनं एक मोठा श्वास सोडला, माझ्या हातावर हात ठेवला, आणि कितीतरी दिवसांनी ती पोळी पुरती खाल्ली. मग म्हणाली, "मंग आता मले झोप लागीन," आणि आत जाऊन आडवी झाली. आता तिचा घोरण्याचा आवाज इथपर्यंत येतोय. हे पत्र मी फाडून टाकीन, कारण तिला मराठी वाचता येतं.

रद्द करायचा फोन मी केलेला नाही, बाबा. सोमवारची तारीख तशीच आहे.